जुलैत रोप लावायला रांग, मार्चमध्ये पाणी घालायला कोण?

टेकडीकर

पुण्यातल्या एका टेकडीवर झाडं लावणाऱ्या गटात मी आहे. गटाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण आमच्यातले दोघं-तिघं या चर्चास्थळावर वाचतात आणि हे दुखणं एकट्या आमच्या गटाचं नाही.

पहिला दमदार पाऊस झाला की फोन सुरू होतात. शाळा, सोसायट्या, कंपन्यांचे एचआरवाले. एका रंगाचे टी-शर्ट, बॅनर, आम्ही आधीच खणून ठेवलेले खड्डे. रोप ठेवायचं, माती लोटायची, फोटो काढायचा, वडापाव खाऊन घरी. यात वाईट काही नाही, पोरं खूश असतात. पण रोपाचं नशीब जुलैत ठरत नाही, ते फेब्रुवारी ते मेअखेर ठरतं. टेकडीवर मुरूम, वर वीतभर माती. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी मिळालं तर मूळ खाली जातं, नाहीतर काडी. पाणी घालायचं म्हणजे खालच्या टाकीवर पाच लिटरचा कॅन भरायचा, चढायचं, ओतायचं, परत खाली. शिवाय होळीच्या आगेमागे वणवे लागतात, म्हणून त्याआधी गवत कापून जाळरेषा काढायच्या. या कामांना येणारी माणसं एका रिक्षात मावतात.

तर लोक येतात का, याचं उत्तर मला माहीत आहे. जे टिकतात ते का टिकतात, यावर बोला. 'आवड असावी लागते' हे कृपया नको. भरपूर आवड असलेले कितीतरी जण डोळ्यांदेखत गेलेत.

उंटावरचा शहाणा

फोटोसाठी येतात, फोटो झाला की जातात. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर घालायला लावले, तेव्हापासून वार्षिक अहवालात छापायला हिरवीगार चित्रं लागतात. मार्चमधल्या करपलेल्या टेकडीचं चित्र कोण छापणार? यात मानसशास्त्र शोधू नका.

टेकडीकर

शहाणे, आमच्या रिक्षातल्यांपैकी एक बाई अशाच टी-शर्टात पहिल्यांदा आल्या होत्या. नंतर एकट्या येऊ लागल्या. त्यांच्याबरोबर बसमधून आलेले बाकीचे आले नाहीत. दोघांचा फोटो एकच. मग फरक कुठे पडला?

दोरवाला

डोंगरातल्या बचावकामात बरीच वर्षं आहे. आमच्याकडे परिस्थिती उलटी आहे म्हणून लिहितो. गर्दी कधीच नसते, आणि गळतीही मानाने कमी.

काम कसं चालतं ते सांगतो. रात्री फोन येतो, अमुक किल्ल्यावर पोरगा घसरलाय, किंवा वाट चुकून चौघं कड्यावर अडकलेत. पोलीस, गावकरी आणि आमच्यातला समन्वय बघणारा यांचं बोलणं होतं, ज्या गटाला ते ठिकाण जवळचं त्याला हाक जाते. लोणावळा, पोलादपूर, महाबळेश्वर, नाशिक, बऱ्याच ठिकाणी असे गट आहेत. गाडीतच वाटणी होते. अँकर, म्हणजे दोराचा खडकातला आधार, कोण लावणार, दरीत कोण उतरणार, बिलेवर, म्हणजे उतरणाऱ्याचा दोर धरायला, कोण, स्ट्रेचर कोण बांधणार, वॉकीटॉकी कोणाकडे. एक माणूस कमी झाला की त्याचं काम दुसऱ्याच्या अंगावर येतं, आणि ते त्याला जमेलच असं नाही. त्यामुळे 'आज राहू दे, अंग दुखतंय' म्हणायच्या आधी कोण अडकणार त्याचं नाव डोळ्यांसमोर येतं. तुमच्या जुलैच्या बसमधला एक जण आला नाही तर कोणाला पत्ता तरी लागतो का?

दुसरं, आम्ही कोणालाही आल्या आल्या दोराला हात लावू देत नाही. आधी गाठी. मग सामान मोजून, पुसून जागेवर ठेवायचं. मग सराव, तोही सुट्टीच्या दिवशी, उन्हात. कंटाळून बरेच जण इथेच जातात आणि ते बरंच आहे. जो उरतो त्याला काहीतरी येत असतं, आणि आपल्याला येतं हे त्याला माहीत असतं.

२८ जुलै २०१८ला आंबेनळी घाटात बस दरीत गेली, तीस जण गेले. त्यांना वर आणायला दोर लावून उतरले ते मुख्यतः आसपासचे ट्रेकर. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. तिथे गाडीरस्ता नाही, पाऊस आणि ढग असे की हेलिकॉप्टरही उपयोगाचं नाही. चिखलातून पायवाटेने चढायचं आणि फावड्याने, हाताने खणायचं. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा सत्तावीस मृतदेह मिळाले होते आणि सत्तावन्न माणसं बेपत्ता होती. अशा ठिकाणाहून परत आल्यावर 'समाधान वाटलं का' असं कोणी विचारलं की मी विषय बदलतो. समाधान वगैरे काही नसतं. तरी पुढच्या हाकेला जातो. का, ते नीट सांगता येत नाही. पण मी गेलो नाही आणि बाकीचे गेले, ही कल्पना मला सहन होत नाही, एवढं खरं.

सायलीचा_वेल

दोरवाले, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून. माझे यजमान अशाच एका गटात आहेत. रात्री दोनला फोन येतो तेव्हा गाडीची किल्ली, टॉर्च आणि कोरडे कपडे शोधून देते मी. मुलीचा ताप, सासूबाईंच्या गोळ्या, दुसऱ्या दिवशी त्यांच्या ऑफिसात काय सांगायचं, हा बिलेचा दोरही मीच धरते. सत्कारात शाल त्यांना. मला दरवेळी 'वहिनींचाही मोठा त्याग आहे' हे वाक्य मिळतं, आणि मग चहा करायला मीच उठते.

टिकण्याचं कारण विचारताय ना? ज्याच्या घरी दुसरं कोणी खपतं, तो टिकतो. बायका या कामांत कमी दिसतात त्याचंही कारण तेच. आवड कमी नसते, रात्री दोनला किल्ली शोधून देणारं कोणी नसतं.

दोरवाला

मान्य, सायलीताई. यावर उत्तर नाही माझ्याकडे. घरी हा प्रतिसाद वाचून दाखवला. 'ह्या बाईंना माझा नमस्कार सांगा' असा निरोप आहे.

मंडणगडची_सून

अनुमोदन, सायली!

मी वेळासबद्दल लिहिते. आमच्या तालुक्यातलं गाव. २००२पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे ऑलिव्ह रिडले कासवांचं काम सुरू केलं. त्याआधी कासवीण अंडी घालून गेली की ती माणसं तरी उकरून न्यायची, नाहीतर कोल्ही-कुत्री. आता पहाटे किनाऱ्यावर फिरून घरटी शोधायची, अंडी हलक्या हाताने काढून कुंपणातल्या हॅचरीत तितक्याच खोल खड्ड्यात ठेवायची, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर आली की समुद्राकडे सोडायची. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात.

सुरुवातीला बाहेरची माणसं उत्साहाने आली आणि गेली. काम गावात रुजलं ते कासव महोत्सवाने. पर्यटक यायला लागले, घराघरात उतरायला लागले, उकडीचे मोदक आणि सोलकढी खाऊन पैसे देऊन जायला लागले. मग कासव सगळ्यांचं झालं. शहरातल्या काही लोकांना हे ऐकून वाईट वाटतं, म्हणजे मग सेवा कुठे राहिली? अहो, थंडीत पहाटे उठून वाळू तुडवणाऱ्याच्या घरात दोन पैसे आले तर कासवाला काय फरक पडतो!

वाचनवेडा_विदर्भ

स्वार्थाचा मुद्दा निघालाच आहे तर एक संशोधन सांगतो. नव्वदच्या दशकात ओमोटो आणि स्नायडर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एड्सच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवकांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. तेव्हा हा आजार म्हणजे बदनामी आणि मरण, त्यामुळे हे काम सोपं नव्हतं. अपेक्षा अशी असेल की परोपकाराची तळमळ असलेले जास्त टिकले. निघालं वेगळंच. काहीतरी शिकायचंय, स्वतःची वाढ व्हावी, स्वतःबद्दल बरं वाटावं, अशी स्वतःकडे वळणारी कारणं ज्यांची ठळक होती ते अधिक काळ राहिले. १९९५ साली हे प्रसिद्ध झालं.

मला हे पटतं. नुसत्या दयेवर आलेल्याला जग बदललेलं बघायचं असतं, ते लवकर बदलत नाही, तो थकतो. शिकायला आलेल्याला दर रविवारी थोडं थोडं मिळत राहतं.

उंटावरचा शहाणा

म्हणजे मी म्हणत होतो तेच. सगळे स्वार्थी.

वाचनवेडा_विदर्भ

नाही हो. फोटोचा स्वार्थ एका दिवसात फिटतो, शिकण्याचा फिटत नाही. दोन्हींना एका पोत्यात भरू नका.

आणि पैसे दिले की लोक टिकतात असंही सरसकट नाही. इस्रायलमध्ये शाळकरी मुलांना घरोघरी देणग्या गोळा करायला पाठवून एक प्रयोग केला होता. काहींना नुसतं कामाचं महत्त्व सांगितलं, काहींना जमवलेल्या रकमेच्या एक टक्का मोबदला, काहींना दहा टक्के. सगळ्यांत जास्त जमवलं फुकट काम करणाऱ्यांनी. वेळासची गोष्ट वेगळी वाटते, कारण तिथे कासव मोजून मजुरी मिळत नाही. गावाला ऊब आली आणि त्या उबेत काम चाललं.

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला बाबा आमट्यांनी १९६७ साली श्रमसंस्कार छावणी सुरू केली. मे महिन्यात, चंद्रपूरच्या उन्हात! सोयीची वेळ निवडायची असती तर डिसेंबर होता की. त्या उन्हात खणलेली पोरं आज साठी-सत्तरीत आहेत आणि अजून एकमेकांच्या घरच्या लग्नांना जातात. टेकडीकर, तुम्ही लोकांना सगळ्यात सोपं काम देता, तेही आयत्या खड्ड्यात. तिथेच गडबड आहे असं माझं मत.

शिरोळकर

सगळे देणाऱ्याच्या बाजूने लिहायलेत. आम्ही घेणारे. २०१९च्या ऑगस्टात पंचगंगा-कृष्णेचं पाणी घरात हुतं. पाणी उतराय लागलं आणि गाड्या सुरू झाल्या. मनापासनं सांगतो, महाराष्ट्रानं हात आखडता घेतला नाही, त्याचं उपकार हाईतच.

पण बिस्किटाचं पुडं इतकं आलं की जनावरं सुदिक खाईनात. जुन्या कपड्यांचं ढीग रस्त्याकडंला. फाटक्या साड्या, एका पायाची चप्पल, एकानं लग्नातला कोट पाठवलेला. आमच्या घरात गाळ मांडीइतका आणि ह्यो कोट घालून जायचं कुठं? काही पोरं यायची, गाडीतनं वाटप करायची, तोंडापुढं मोबाईल धरायची आणि 'काका, हिकडं बघा' म्हणायची. घराची भिंत पडलेल्या माणसाला तोंड वर करून हिकडं बघा!

ध्यानात कोण राहिलं सांगू? आठवड्याभरानं आलेली पोरं. त्यांनी आधी इचारलं, काय करू? आमी म्हटलं, गाळ काढा. चार दिवस फावडं मारलं, मेलेलं जनावर उचललं, विहीर उपसली. नावं सांगितली नाहीत, आमी इचारलीबी नाहीत, तेवढी शुद्ध कुणाला हुती. त्यातली दोघं अजून उरसाला येत्यात. ती टिकली म्हणायची का नाही तुमच्या हिशेबात?

टेकडीकर

शिरोळकर, टिकली. माझा हिशेबच तोकडा होता बहुतेक.

माणदेशी

कोट वाचून हसलो आणि मग हसू ओसरलं.

आमच्या माण तालुक्याने वॉटर कप पाहिलाय. पाणी फाउंडेशनची ही गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा २०१६ला तीन तालुक्यांत सुरू झाली, वरूड, अंबाजोगाई आणि आमच्याच जिल्ह्यातलं कोरेगाव. पुढे पंचाहत्तरच्या वर तालुके झाले. ८ एप्रिल ते २२ मे, पंचेचाळीस दिवस. समतल चर, बांधबंदिस्ती, दगडी बांध, शोषखड्डे, सगळ्याला गुण. २०१८चं पहिलं बक्षीस आमच्या माणमधल्याच टाकेवाडीला गेलं. महाराष्ट्रदिनी पुण्या-मुंबईची माणसं महाश्रमदानाला यायची. त्यांच्या हातून चर किती खणला गेला ते विचारू नका, पण गावाला वाटायचं, आपल्याकडे कोणीतरी बघतंय.

माझं निरीक्षण असं. ज्या गावांत वर्षानुवर्षं दोन गट एकमेकांचं तोंड बघत नव्हते, त्या गावांत पंचेचाळीस दिवस सगळे एका चरात उतरले. कारण तारीख ठरलेली, माप ठरलेलं, आणि पलीकडचं गाव पुढे जातंय ही खुमखुमी. मला त्यात काही गैर वाटत नाही, इरेला पडल्याशिवाय आमच्याकडे कुस्तीही होत नाही.

पण २३ मे उजाडली की पुढे काय? चर गाळाने भरतात, बांध फुटतो, पाणी आलं की ऊस लागतो. ज्या गावांत नंतरही काम राहिलं तिथे एक गोष्ट समान दिसली. ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जायचा, आणि तो मांडणारा एक ठरलेला माणूस होता. बहुतेकदा निवृत्त शिक्षक किंवा बचत गटातली बाई. भाषण न करणारा माणूस. तो गेला, आजारी पडला, मुलाकडे पुण्याला गेला, की काम बसतं. त्याच्या हाताखाली दुसरा तयार करायचं कोणाच्या डोक्यात येत नाही.

जुना_जाणता

मतं बाजूला ठेवून एक बघा. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ १९२५चा, राष्ट्र सेवा दल १९४१चं. विचार एकमेकांच्या विरुद्ध, पण माणूस बांधायची रीत एकसारखी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मैदानावर, मुलं खेळायला जमतात. मोठे कार्यक्रम नंतर. एखादा चार दिवस आला नाही तर घरी विचारपूस. खोखो खेळता खेळता माणूस आयुष्यभराचा कार्यकर्ता होतो. संचालकांनो, मी फक्त रीत सांगितली आहे, यावरून इथे मारामारी सुरू झाली तर मी जबाबदार नाही.

संचालक

झाली तर धागा कुलूपबंद होईल. दोन प्रतिसाद आत्ताच उडवले आहेत. पुढे चला.

एडिसनची_मावशी

इकडे न्यू जर्सीत रविवारची मराठी शाळा चालवतो. शिक्षक सगळे पालक, पगार शून्य, फोटोकॉपीचा खर्चही बरेचदा स्वतःचा. माझं निरीक्षण अगदी रुक्ष आहे, पोर शाळेतून बाहेर पडलं की पालक बाहेर पडतात. जे राहतात ते शाळेनंतर पार्किंगमध्ये गप्पा मारत उभे राहणारे. बर्फ पडत असतानाही! परदेशात आपल्या भाषेत मनसोक्त कुचाळक्या करायची जागा आठवड्यातून एकदाच मिळते, ती कोण सोडेल? ळ आणि ल शिकवणं हे निमित्त. टेकडीकर, पाणी घालून झाल्यावर चहा कुठे घेता तुम्ही?

टेकडीकर

चहा नाही घेत. सगळे घाईत असतात, ऑफिस असतं.

एडिसनची_मावशी

मग बसा बोंबलत. :)

ओ_निगेटिव्ह

रक्तदात्यांचं सांगतो. पैसे घेऊन रक्त देणं आपल्याकडे १ जानेवारी १९९८पासून बंद आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे. म्हणजे सगळा डोलारा स्वेच्छेवर. जयंत्या, पुण्यतिथ्या, वाढदिवसांना शिबिरांची झुंबड, आणि मे महिन्यात, दिवाळीत रक्तपेढ्या कोरड्या. पुरुष तीन महिन्यांनी देऊ शकतो, स्त्री चार महिन्यांनी, तरी बहुतेकांची दुसरी वेळ येतच नाही. प्लेटलेट तर साठवून ठेवायची सोय नाही, पाच दिवसांत वापराव्या लागतात, म्हणून त्या देणाऱ्याला नेमका फोन करून बोलवतात. मी नियमित झालो तो त्या फोनमुळे. शिबिरात मी रांगेतला एक होतो, फोनवर माझं नाव होतं.

स्वीडनमध्ये तुमचं रक्त रुग्णाला चढवलं की तुम्हाला मोबाईलवर संदेश येतो. केवढंसं काम! टेकडीकर, जुलैत रोप लावणाऱ्याला मार्चमध्ये त्याच्याच रोपाचा फोटो पाठवता का कधी? मेलेलं असलं तरी पाठवा. मेलेलं असलं तर नक्कीच पाठवा.

दोरवाला

हे मात्र झकास. मेलेल्या रोपाचा फोटो.

गवताळ

अवांतर, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. टेकडीवर गवताळ भाग असेल तर तिथे रोपं कोंबूच नका. गवताळ माळ ही ओसाड जागा नाही, तिथे चंडोल, ससे, किती काय असतं. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प या परदेशी झाडाची केवढी लागवड झाली ती बघतोच आहोत. स्वयंसेवक टिकवण्याआधी काम योग्य आहे का ते तपासा. चुकीचं काम चिकाटीने करणारे मी भरपूर पाहिलेत.

टेकडीकर

गवताळ, मुद्दा रास्त. आम्ही खैर, सालई, काटेसावर, पळस असं स्थानिकच लावतो आणि माथ्यावरचं गवत सोडतो. तरी या ना एकदा, दाखवा काय चुकतंय ते. वेगळा धागा काढलात तर आणखी छान.

बाकी सगळ्यांसाठी. आमच्यात चर्चा करून तीन-चार गोष्टी ठरवल्यात. यंदा खड्डे आयते नाहीत, येणाऱ्याने खणायचे. मुरूम फोडला की पुढचं रोप आपलं वाटेल असा अंदाज. प्रत्येक गटाला टेकडीचा एक तुकडा आणि त्या तुकड्याचा एक ठरलेला माणूस, शिवाय त्याच्या हाताखाली एक शिकाऊ (माणदेशींचं ऐकून). जो तुकडा घेणार नाही त्याने जुलैत येऊ नये असं सांगायचं धाडस अजून होत नाही, त्यावर आमच्यात भांडण चालू आहे. कंपन्या रोपांचे पैसे देतात, त्यांना दुखवायचं कसं, हा एका बाजूचा सवाल. दुसरी बाजू म्हणते, मेलेल्या रोपांचे पैसे तरी का घ्यायचे. सायलीताईंचा मुद्दा बैठकीत वाचला. मग पाणी घालायची वेळ सकाळी साडेसहा की संध्याकाळी, यावर पहिल्यांदाच बायकांना विचारलं गेलं. त्यांनी शनिवारची संध्याकाळ मागितली, मुलांना घेऊन येता येतं म्हणून. आणि मावशी, चहाचा थर्मास घेतला आहे.

एक अडकलंय. न आलेल्यांना फोन करायला कोणी तयार नाही. 'भीक मागितल्यासारखं वाटतं' म्हणतात.

निवृत्त_पोस्टमास्तर

मी सहसा नुसता वाचतो. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे टेकडी चढणं आता होणे नाही. पण फोन मी करू शकेन. दुपारी वेळच वेळ असतो आणि अनोळखी माणसाशी बोलायचा मला संकोच नाही, नोकरीच तशी होती. यादी कशी मिळेल?

टेकडीकर

काका, व्यक्तिगत निरोप केला आहे. यादी मोठी आहे, रोज थोडी घ्या. एकच विनंती, 'का आला नाहीत' असं कोणाला विचारू नका. त्यांच्या तुकड्यातलं रोप कसं आहे ते सांगा, ते मी दर रविवारी रात्री तुम्हाला कळवत जाईन.

निवृत्त_पोस्टमास्तर

रविवारी रात्री नको, मी नऊला झोपतो. सोमवारी सकाळी कळवा. आणि रोपांची नावं मराठीत लिहा, लॅटिन नकोत.